आपल्या नावाची किल्ली

आमच्या घरी आई किल्लीला 'चावी' म्हणते. हा शब्द पोर्तुगीजांच्या भाषेतून कोकणीत आला आणि पुढे मराठीनेही तो आपलासा केला. शाळेत मी मुलांना 'किल्ली' हा शब्द लिहावयास सांगते, आणि बेळगावच्या बाजारात कुलपे विकणारा कन्नड दुकानदार त्याच वस्तूला 'बीगद कै' म्हणतो. या कन्नड शब्दाचा सरळ अर्थ 'कुलपाचा हात' असा आहे. तीन भाषांच्या सहवासात वाढलेल्या आम्हां सीमाभागातील लोकांना असे शब्दांचे सोबती पदोपदी भेटतात. तिन्हींमध्ये मला हा कन्नड शब्द विशेष अर्थपूर्ण वाटतो. किल्ली ज्याच्या स्वाधीन केली, त्याला आपण आपला हातच देऊन टाकला, असे तो शब्द सुचवितो. पुढे त्या हाताने जे काही होईल, ते आपल्याच हाताने झाले असे जग म्हणणार.

विद्यार्थी मित्रांनो, आज आपल्या घरादारांच्या किल्ल्या लोखंडाच्या राहिलेल्या नाहीत. बँकेतील पैसा, शेताचा उतारा, परीक्षेचा निकाल, आजोबांचे निवृत्तिवेतन या सर्वांची कुलपे आता एखाद्या शब्दाने, चार-सहा अंकांनी अथवा बोटाच्या ठशाने उघडतात. संगणकांचे जाळे म्हणजे काय आणि त्या जाळ्यात कोणाला कोठवर जाऊ द्यावयाचे हे कसे ठरते, याचे ज्ञान म्हणूनच केवळ यंत्रविशारदांचे राहून चालणार नाही. मी स्वतः कला शाखेची पदवीधर आहे. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु शाळेतील संगणकाच्या तासाला देखरेख करण्याचे काम वाट्याला आल्यामुळे मला जे शिकावे लागले, आणि एका प्रसंगाने जे कायमचे मनावर कोरले गेले, ते आज तुमच्यापुढे मांडते.

प्रथम जाळ्याचा विचार करू. दोन संगणक तारेने अथवा बिनतारी लहरींनी एकमेकांस जोडले आणि ते एकमेकांशी ठरलेल्या नियमांनी बोलू लागले, की जाळ्याचा प्रारंभ झाला. शाळेच्या प्रयोगशाळेतील दहा-वीस यंत्रे जोडली म्हणजे लहान जाळे होते. अशी असंख्य जाळी परस्परांस जोडली गेली म्हणजे इंटरनेट होते. या प्रचंड कारभाराची कल्पना यावी यासाठी आपल्या ओळखीचे पोस्टखाते डोळ्यांसमोर आणा.

पाकिटावर आपण सहा अंकी पिनकोड लिहितो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृत कवीही होते. आपल्या निपाणीचा क्रमांक ५९१२३७ आहे. हमरस्त्याने थोडे पुढे गेल्यावर लागणाऱ्या कागलचा ४१६२१६ आहे. पहिला अंक पाहताच टपाल वेगळे करणाऱ्या माणसाला कळते की पाच म्हणजे कर्नाटकाकडचा विभाग आणि चार म्हणजे महाराष्ट्र-गोव्याकडचा. त्याला निपाणीची गल्ली ठाऊक असण्याचे कारण नाही. पुढील मुक्कामापर्यंत पत्र योग्य दिशेने ढकलले, की त्याचे काम संपले.

संगणकांच्या जाळ्यात नेमके हेच घडते. प्रत्येक यंत्राला अंकांचा एक पत्ता असतो. त्याच्या जुन्या आणि आजही सर्वत्र चालू असलेल्या प्रकारात ० ते २५५ पर्यंतच्या चार संख्या असतात. अशा रीतीने सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात; तेही जगाला अपुरे पडू लागल्याने अधिक लांब पत्त्यांची नवी पद्धत काढावी लागली. दिशा पाहून टपाल पुढे ढकलणारे यंत्र म्हणजे राउटर. तुमच्या घरी कोपऱ्यात दिवे लुकलुकत असलेली जी लहानशी पेटी असते, तिच्यात तेच काम करणारे यंत्र असते. एखाद्या मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असावीत, पण बाहेरून पत्रावर वाड्याचाच पत्ता यावा आणि दारावरच्या माणसाने ते योग्य खोलीत पोचते करावे, तशी ही पेटी घरातील सर्व यंत्रांसाठी बहुधा एकच बाहेरचा पत्ता वापरते आणि आतल्या आत वाटणी करते.

आणखी एक गंमत अशी की, जाळ्यातून जाणारे पत्र अखंड जात नाही. समजा, तुम्ही एक लांबलचक पत्र वीस पोस्टकार्डांवर लिहिले, प्रत्येकावर क्रमांक घातला आणि पेटीत टाकले. काही कार्डे मिरजेवरून रेल्वेने गेली, काही हमरस्त्याने मोटारीतून गेली. ती मागेपुढे पोचली तरी वाचणारा क्रमांक पाहून पुन्हा पत्र जुळवितो, आणि सातवे कार्ड हरवले असेल तर तेवढेच पुन्हा मागवितो. या कार्डांना यंत्राच्या भाषेत पॅकेट म्हणतात. ज्या यंत्रापाशी साठविलेली माहिती मागावयाची, ते सर्व्हर. मागणारे यंत्र आपले, देणारे ते. अंकांचे पत्ते माणसाच्या लक्षात राहात नाहीत, म्हणून नाव सांगितले असता अंक शोधून देणारी एक निर्देशिकाही जाळ्यातच असते. आपल्या देशात ही सोय सर्वसामान्य नागरिकांना १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली, म्हणजे आज तुम्हांला शिकविणाऱ्या आमच्यापैकी अनेकांच्या बालपणी ती नुकतीच येत होती.

येथवर मी केवळ रस्त्याचे वर्णन केले. रस्ता असणे ही एक गोष्ट, आणि रस्त्याच्या शेवटी असलेल्या घरात पाऊल टाकण्याचा अधिकार असणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. निपाणीहून निघालेला मनुष्य कोणाच्याही दारापर्यंत जाऊ शकतो. पण म्हणून त्याने कोणाचेही दार लोटून आत जावे, असे होत नाही. दुर्दैवाने संगणक शिकताना मुले रस्त्याच्या वेगावर खूष होतात, आणि दाराचा विचार करावयाचा राहून जातो.

वस्तुतः जाळ्याच्या जन्मापासून हा दाराचा प्रश्न त्याच्याबरोबर आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाईन या विद्यार्थ्याने शेकडो मैल दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेच्या संगणकाकडे दूरसंदेश पाठविण्याचा प्रयत्न केला. तो 'लॉगिन' हा शब्द टंकीत होता. 'एल' गेला, 'ओ' गेला, आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. तासाभराने यंत्र सावरल्यावर पूर्ण शब्द पोचला. ज्या जाळ्यातून पुढे आजचे इंटरनेट उत्पन्न झाले, त्या जाळ्यावर मनुष्याने धाडलेला हा पहिला शब्द आहे. त्यात नमस्कार नव्हता, बातमीही नव्हती. 'मी आलो आहे, मला आत घ्या' एवढीच ती विनंती होती.

अशी विनंती आली म्हणजे दारावरचे यंत्र तीन प्रश्न विचारते. पहिला, आपण कोण? याचे उत्तर म्हणजे खात्याचे नाव. दुसरा, आपण तेच कशावरून? याचे उत्तर म्हणजे पासवर्ड, ठसा अथवा भ्रमणध्वनीवर आलेले तात्पुरते अंक. पासवर्डला मराठीत 'परवलीचा शब्द' असा फार जुना आणि डौलदार पर्याय आहे. लष्कराच्या छावणीत पहारेकरी येणाऱ्याला जो खुणेचा शब्द विचारीत असे, तोच हा. तिसरा प्रश्न मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपण कोण हे पटले. आता आपल्याला आत कोठवर जाऊ द्यावयाचे?

हा तिसरा प्रश्न आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. जुन्या वाड्यात वाटसरू ओसरीवर बसे, स्नेही सोप्यापर्यंत येई, आप्त माजघरात जात, देवघराचे नियम निराळे असत, आणि कोठीच्या खोलीची किल्ली एकट्या घरधनिणीच्या कनवटीला असे. ओसरीवर बसविलेल्या पाहुण्याचा तो अपमान नव्हता. ज्याला जेवढे काम, तेवढीच त्याला वाट, हा त्या घराच्या सुरक्षिततेचा नियम होता. संगणकातही विद्यार्थ्याने आपला धडा वाचावा आणि लिहावा, वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाचे गुण भरावेत, आणि नवीन खाती उघडण्याचा वा बंद करण्याचा अधिकार एका-दोघांकडेच असावा, हीच शहाणपणाची रीत होय. याखेरीज प्रत्येक दारावर एक नोंदवही असते. कोण, केव्हा आत आला आणि त्याने काय केले, हे यंत्र तीत मुकाट्याने लिहून ठेवते. त्या नोंदवहीत नावे लिहिली जातात. चेहरे लिहिले जात नाहीत. माझ्या सांगण्याचा सारा भर या एका वाक्यावर आहे. कारण त्याचा अर्थ मला फार उशिरा, आणि एका मुलाच्या मनस्तापाची किंमत देऊन कळला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या शाळेत शिकवीत होते, तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे प्रत्येक मुलाला संगणकावर स्वतःचे खाते होते. पण परवलीचे शब्द मुलांनी एकमेकांना सांगून टाकलेले. कोणी त्यात वावगे मानीत नसे. मीही मानीत नव्हते. आठवीच्या मुलांनी महिनाभर खपून हस्तलिखितासाठी गोळा केलेले लेख आणि चित्रे एके दिवशी नाहीशी झाली. नोंद पाहिली तो एका मुलाचे नाव आणि वेळ स्पष्ट दिसत होती. मुलगा अबोल, शेतकऱ्याच्या घरचा, जवळच्या खेड्यातून सायकलने येणारा. मी त्याला वर्गासमोर उभे केले. "यंत्र खोटे बोलत नाही," असे मी मोठ्या ऐटीने म्हणाले. तो एवढेच म्हणाला, "बाई, मी नाही केलं." पुढे तो काही बोलला नाही. दोन दिवस वर्ग त्याच्याशी बोलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुसरा एक मुलगा रडत माझ्याकडे आला. आपल्या खात्याचा शब्द विसरल्यामुळे तो मित्राच्या नावाने आत गेला होता आणि भलतीच कळ दाबली गेली होती. मित्राला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी त्याने नाव सांगितले नाही. यंत्र खोटे बोलले नव्हते हे खरेच. त्याला सांगितले गेले होते तेवढेच ते बोलले होते. चूक मुलांची होती त्याहून अधिक माझी होती. मी वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. त्याने ती दिली. परंतु मान खाली घालून उभा असलेला तो मुलगा आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले आहे. परवलीचा शब्द ही एखादी लपवून ठेवण्याची चीज आहे, असे मुलांना शिकवू नये; तसे सांगितले की मुलांना ते कंजूषपणाचे वाटते आणि मैत्रीपुढे ते हरते. परवलीचा शब्द ही आपली सही आहे, असे शिकवावे. मित्राला आपण वही देतो, पेन्सिल देतो, डब्यातील अर्धी भाकरी देतो. पण कोऱ्या कागदावर सही करून कोणी कोणाला देत नाही. जेथे सही आपली आणि कृत्य दुसऱ्याचे, तेथे देणारा आणि घेणारा दोघेही संकटात सापडतात.

या बाबतीत आपल्याच राज्यातील एक मोठे उदाहरण पाहण्यासारखे आहे. शेताच्या नोंदी पूर्वी गावोगावच्या तलाठ्यांच्या दप्तरात हस्तलिखित असत. कर्नाटकात अशी सुमारे ९ हजार दप्तरे होती. कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली याचा माग काढणे सामान्य शेतकऱ्याच्या शक्तीबाहेरचे होते. 'भूमी' या योजनेखाली ६७ लाख जमीनधारकांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकात आणण्यात आल्या, आणि २००१ नंतर तालुक्याच्या ठिकाणी खिडकीवर पहाणीपत्रक, म्हणजे आपण ज्याला 'उतारा' म्हणतो तो, १५ रुपयांत मिळू लागला. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती; आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांना त्या खिडकीसमोरच्या रांगा आठवत असतील. या योजनेचा मर्मभाग मला असा वाटतो की, नोंदीत फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याला केवळ परवलीचा शब्द पुरेसा ठेवला नाही. त्याच्या बोटाचा ठसा आवश्यक केला. शब्द दुसऱ्याला सांगता येतो, बोट उसने देता येत नाही. 'माझ्या नावाने दुसऱ्या कोणी केले' असे म्हणण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली. ज्याच्या हाती लोकांच्या जमिनी आहेत, त्याच्या कृत्याला त्याचे नाव चिकटलेच पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होय.

यावर कोणी म्हणेल, "आपल्या माणसांत कसले आले आहे गुपित?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आमच्याकडे शेजारी किल्ली ठेवून परगावी जाण्याची रीत आहे आणि ती माणुसकीची रीत आहे. परंतु शेजारणीला आपण घराची किल्ली देतो, ती घरावर नजर ठेवण्यासाठी. आपल्या नावाने कर्ज काढण्यासाठी कोणी देत नाही. लोखंडाच्या किल्लीने एक दार उघडते. खात्याच्या किल्लीने आपले नावच दुसऱ्याच्या तोंडी जाते. हा भेद नीट ओळखला पाहिजे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो आपल्या सीमाभागाला विशेष लागू पडतो. आमच्या आजीला मराठी वाचता येते. पडद्यावर अक्षरे येतात इंग्रजी नाही तर कन्नड. ती बिचारी काय करणार? ती भ्रमणध्वनी दुसऱ्याच्या हाती देते, आलेले अंक मोठ्याने वाचून दाखविते, आणि सांगतील तेथे अंगठा टेकविते. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या दारावरची पाटीच आपल्याला वाचता येत नाही, त्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून मी असे म्हणते की, भाषा हीसुद्धा प्रवेशाची एक किल्ली आहे, आणि ती देण्याचे कर्तव्य व्यवस्था चालविणाऱ्यांचे आहे. नागरिकाला समजेल अशा भाषेत प्रश्न विचारल्याशिवाय त्याच्या होकाराला होकार म्हणू नये. माझी आई कोकणी बोलते. कोकणी तर देवनागरी, रोमन आणि कन्नड अशा निरनिराळ्या लिप्यांत लिहिली जाते. यंत्राला या सर्व लिप्या आता येतात. तेव्हा अडचण यंत्राची उरली नसून इच्छेची आहे.

पण व्यवस्था सुधारेपर्यंत हात जोडून बसावयाचे काय? येथेच, विद्यार्थी मित्रांनो, तुमचे काम सुरू होते. तुम्ही घरी एक भाषा बोलता, शाळेत दुसरी शिकता, बाजारात तिसरी ऐकता आणि पुस्तकात चौथी वाचता. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात पडद्यावरील अक्षरे वाचू शकणारे तुम्हीच एकटे असाल. ही मोठी सत्ता आहे. ती सत्ता घराची किल्ली आपल्या खिशात टाकण्यासाठी वापरू नका. आजोबांचे काम 'पटकन' उरकून देण्याऐवजी त्यांच्या शेजारी बसा. पडद्यावर काय लिहिले आहे ते मराठीत वाचून दाखवा. काय दाबले म्हणजे काय होईल ते सांगा. आणि दाबण्याचे काम त्यांच्याच बोटाला करू द्या. वेळ दुप्पट लागेल. परंतु त्यांच्या नावाची किल्ली त्यांच्याच हाती राहील.

काही चतुर मुले विचारतात, "बाई, पासवर्ड मोडता येतो का हो?" त्यांना मी रायगडची हिरकणीची आख्यायिका सांगते. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल ठेवून दूध घालावयास आलेली ती गवळण अवघड कडा उतरून खाली गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिचा गौरव केला, आणि जेथून ती उतरली त्या जागी बुरूज बांधून घेतला, असे सांगतात. या कथेत जाळ्याच्या संरक्षणाचे सारे शास्त्र आहे. दरवाजा कितीही भक्कम असला तरी एखादा कडा उघडा राहतो. तो दाखवून देणाऱ्या प्रामाणिक माणसाचा सन्मान करावा, आणि लगेच तेथे बुरूज बांधावा. ज्याला कडा दिसला त्याने रात्री चोरांना वाट दाखवावयाची की गडाच्या धन्याला सावध करावयाचे, यावर त्याची योग्यता ठरते. आणि चोरवाटेचा मोह ज्यांना होईल त्यांनी हेही लक्षात ठेवावे की, दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी प्रमाणे गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे.

बुरूज बांधण्याची गरज मोठमोठ्यांनाही पडते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी एकाच संगणकावर अनेकांना काम करता यावे अशी योजना केली, आणि प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. पुढे त्याच दशकात एकदा, दोन फाइलींची चुकून अदलाबदल झाल्यामुळे, आत येणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच दिसू लागली! आता चांगल्या व्यवस्थेत मूळ शब्द साठवीतच नाहीत. जोंधळा दळून पीठ करावे तसे त्याचे रूपांतर करून ठेवतात. तोच शब्द पुन्हा दळला तर तेच पीठ निघते, म्हणून खात्री पटते. पण पिठापासून पुन्हा जोंधळा होत नाही, म्हणून यादी हाती लागली तरी मूळ शब्द चोराला सहजासहजी मिळत नाही.

आता रोजच्या वागणुकीतील चार गोष्टी सांगते. परवलीचा शब्द लांब असावा. चार अंकांचा असेल तर एकंदर १० हजार प्रकारच होतात. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरांचे २० हजार कोटींहून अधिक होतात. मात्र आपले नाव, गाव, जन्मतारीख अशी ओळखीची अक्षरे घातली तर ही सारी लांबी फुकट जाते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तर लक्षातही राहतात आणि ओळखताही येत नाहीत. निरनिराळ्या दारांना निरनिराळ्या किल्ल्या असाव्यात; एकच किल्ली सर्व कुलपांना लावली तर एक हरविताच घर उघडे पडते. बँकेच्या लॉकरला एक किल्ली आपली आणि एक बँकेची अशा दोन लागतात, त्याप्रमाणे महत्त्वाच्या खात्यांना परवलीच्या शब्दाबरोबर दुसरी खूणही लावून घ्यावी. भ्रमणध्वनीवर आलेले तात्पुरते अंक ही ती दुसरी किल्ली आहे. बोलणारा स्वतःला बँकेचा म्हणवो, पोलिसांचा म्हणवो, ते त्याला सांगू नयेत. आणि फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावे. घरातील वडील मंडळींना रागे भरू नये. रागाच्या भयाने पुष्कळ जण सांगावयाचेच टाळतात, आणि तेवढ्या वेळात पैसा दूर निघून जातो.

शाळांकडेही माझे एक मागणे आहे. प्रत्येक मुलाला त्याचे स्वतःचे खाते द्यावे, त्याला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, आणि फळ्यावर एकच परवलीचा शब्द लिहून साऱ्या वर्गाला त्यातून आत सोडण्याची सोय कटाक्षाने बंद करावी. शिक्षकांनीही गुण भरण्याचे काम उरकण्यासाठी आपली किल्ली विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये. मुले आमच्या उपदेशापेक्षा आमच्या वर्तनाकडे अधिक बारकाईने पाहतात.

हमरस्त्याने कोगनोळीवरून कागलकडे जाताना खिशातला भ्रमणध्वनी एका मनोऱ्याचा हात सोडून दुसऱ्याचा हात धरतो. राज्य बदलते, पाट्यांची लिपी बदलते, पिनकोडाचा पहिला अंक बदलतो. तरी जाळे आपल्याला ओळखते, कारण आपण आपले नाव बरोबर घेऊन निघालेलो असतो. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला नावाचे मोल निराळे सांगावयास नको. ते नाव स्वच्छ राखा. दुसऱ्याच्या नावाने कोठे शिरू नका, आणि आपल्या नावाने दुसऱ्याला शिरू देऊ नका. मग ती किल्ली असो, चावी असो, की कुलपाचा हात असो, तिने उघडलेले प्रत्येक दार तुमचे स्वतःचे असेल.